श्रावण सोनकुसरे आणि तंतुसदनाचा घुमारा

तांडापेठेतल्या श्रावण सोनकुसरेला लोक 'भोंगेवाला' म्हणत, आणि त्याला ते आवडे. त्याचा बाप विणकर, आजा विणकर, आणि बायको पुष्पलता तर मोहल्ल्यात सगळ्यात बारीक हाताची विणकर. श्रावणला मात्र मागावर बसलं की जांभया यायच्या. बाप गेल्यावर त्यानं घरातल्या दोन मागांपैकी एक मोडला, समोरच्या खोलीत जागा केली, एक ॲम्प्लिफायर आणि चार भोंगे आणले आणि दारावर 'श्रावण साउंड सर्व्हिस' अशी पाटी लावली. पाटीखाली बारीक अक्षरात लिहून घेतलं: 'आवाज दूरवर जाईल.'

साठ सालानंतरचे ते दिवस. नागपुरात आवाजाला मागणी फार होती. गणपती झाले की नवरात्रातली शारदा, शारदा झाली की लग्नं, आणि मधून मधून निवडणुका. श्रावणच्या मते चांगला आवाज म्हणजे लांब जाणारा आवाज. भोंगे बांधून झाले की तो स्वतः सायकल काढी आणि कुठवर ऐकू येतं ते पाहायला निघे. पाचपावलीच्या रेल्वे फाटकापर्यंत गाणं पोचलं की त्याचा चेहरा खुले. शब्द कळतात की नाही, हे त्यानं कधी तपासलं नव्हतं. मैदानात ते कळायचेच. आवाज भोंग्यातून निघून लोकांच्या डोक्यावरून जाई आणि आभाळात विरून जाई. परत येऊन श्रावणचं काम बिघडवायला तिथं काही नसे.

मागच्या खोलीत पुष्पलता नऊवारी लुगडी विणी. रेशमी काठाची तिची लुगडी विणकरांची सोसायटी विकत घेई. समोर श्रावण माइक तपासून राहिलेला आणि मागे तिचा माग खटखटत असलेला, असं घर चाले. मधल्या कुडाच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच समज होता, की काम आपण करतो आणि गोंगाट पलीकडे होतो.

सोसायटीचे अध्यक्ष महादेवराव नंदनवार. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त उंच छताची हौस होती. सहकारी मंडळींच्या कसल्याशा सहलीत तो दिल्लीला गेला आणि तिथं एक मोठं सभागृह पाहून आला. आल्यावर त्यानं सभासदांना विचारलं, "आपण विणकरायनं जन्मभर शाळेच्या पडवीत सभा घ्याव्या काय गा?" कोणी हो कसं म्हणणार. वर्गणी निघाली, कर्ज निघालं आणि अडुसष्ट साली तांडापेठेच्या कडेला 'तंतुसदन' उभं राहिलं.

सदन देखणं होतं, यात वाद नाही. पिंप उभं चिरून पालथं घालावं तसं सिमेंटचं गोल छत. खाली आरशासारखी घोटलेली मोझॅकची फरशी. भिंतींना पुरुषभर उंचीपर्यंत पांढऱ्या चकचकीत टाइल्स, कारण महादेवरावांना सभासदांच्या पानाची भीती होती. आणि त्याच्या वर गुळगुळीत ऑइलपेंट. सगळं धुता येण्यासारखं, पुसता येण्यासारखं. विणकरांच्या वर्गणीतून बांधलेल्या त्या इमारतीत कापडाचा एक धागा नव्हता.

आवाजाचं काम अर्थातच श्रावणला मिळालं. त्यानं दोन्ही भिंतींवर समोरासमोर भोंगे टांगले. कोणीही सभासद आवाजाला मुकू नये, असा त्याचा चांगला हेतू होता.

उद्घाटनाला मुंबईहून मंत्री आले. आधी सोसायटीच्या सेक्रेटरीनं माइकवर "हॅलो" म्हणून पाहिलं. तो हॅलो छतावर गेला, तिथून मागच्या भिंतीवर गेला, परत आला आणि सेक्रेटरीलाच हॅलो म्हणाला. लोक हसले. मग मंत्री उठले. त्यांचा पहिला शब्द छतावरून खाली येईपर्यंत चौथा शब्द वर निघालेला असे, आणि वाटेत दोघांची टक्कर होई. अर्धा तास सदनात मोठ्या मधमाश्यांच्या पोळ्यासारखं काहीतरी घुमत राहिलं. त्यातून 'हातमाग' हा एक शब्द तेवढा लोकांना सापडला, कारण तो फार वेळा आला.

भाषण संपलं तशी मंडळींनी सुटकेनं टाळ्या वाजवल्या, आणि तिथं सदनानं कमाल केली. ज्या छतानं शब्दांचा भुगा केला होता त्याच छतानं टाळ्यांचा पाऊस केला. सगळं नागपूर आत येऊन टाळ्या वाजवत आहे असं वाटलं. मंत्री हेलावले. महादेवरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या सभासदांत उत्साह फार आहे."

मंत्र्यांची गाडी गेल्यावर महादेवरावांनी श्रावणला बाजूला घेतलं. "साहेबायले आवडलं. पण आपले लोक म्हणून राहिले का काही कळलं नाही. तुझे भोंगे कमी पडले गा."

श्रावणला हे निदान फार पटलं. आपल्यात दोष असलाच तर तो आवाज पुरेसा मोठा नसण्याचा असावा, याहून सुखाची गोष्ट काय. त्यानं आणखी भोंगे आणले.

आता मधमाश्यांची पोळी वाढली. सदनात लग्नं व्हायला लागली तेव्हा तर फारच गंमत व्हायची. भटजींनी पहिल्या मंगलाष्टकाच्या शेवटी "सावधान" म्हटलं की पुढचे लोक अक्षता टाकत. तेवढ्यात मागच्या भिंतीवरून दुसरं सावधान येई, आणि मागचे लोक टाकत. मग छताचं सावधान येई, त्याला बायका टाकत. एका लग्नात बँडवाल्यांनी यातल्या कुठल्यातरी सावधानावर भरवसा ठेवून दुसऱ्याच कडव्याला वाजवायला सुरुवात केली, आणि नवरदेवानं गडबडून अंतरपाटावरूनच हार घालून टाकला. भटजी हात हलवून हलवून नाही नाही म्हणत होते, पण ते माइकवरून म्हणत होते, त्यामुळे कोणाला कळलं नाही.

लग्नांचं हसण्यावारी गेलं. सभेचं गेलं नाही, निदान पुष्पलतेचं तरी.

झालं असं होतं की कोण्या एका अधिकाऱ्यानं महादेवरावांना सांगितलं, लुगड्यांचे दिवस गेले, आता बंगले वाढतील, हॉटेलं वाढतील, त्यांना पडद्याचं जाड कापड आणि सतरंज्या लागतील. सोसायटीनं लुगडी घेणं थांबवलं आणि सभासदांना जाड सूत वाटलं. ज्या हातानं केसासारखा धागा ओढायचा त्या हातानं पुष्पलता आता दोरीएवढं सूत ओढायला लागली. कापड झकास मजबूत निघालं आणि कोणीच घेतलं नाही. सोसायटीचं गोदाम त्यानं छतापर्यंत भरलं.

वार्षिक सभेत पुष्पलता उठली. बाईमाणूस सभेत माइकजवळ गेली हेच त्या साली नवल होतं. तिनं सरळ विचारलं, "लुगडं घेणं काहून बंद केलं? आन् जे विकत नाही ते विणायले काहून लावता?" सदनानं यातले दोन 'काहून' तेवढे उचलले आणि बराच वेळ घोळवले. हून, हून, हून. महादेवरावांनी मान डोलावली. "ताईंची सूचना चांगली हाय. विचार करू. पुढचा विषय मंजूर?" पुढच्या रांगेतल्या दोघांनी मंजूर म्हटलं, छतानं ते आणखी पुष्कळदा म्हटलं, आणि सेक्रेटरीनं एकमतानं मंजूर असं लिहून घेतलं.

घरी आल्यावर पुष्पलतेनं चहाचा कप श्रावणसमोर जरा जोरातच ठेवला. "माहा प्रश्न तुमच्या भोंग्यायनं खाल्ला."

"भोंगे काय करतीन वं? मी तं फुल आवाज सोडला होता."

"तेच म्हणून राहिली मी."

पुढच्या साली तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि महादेवरावांनी तीच सूचना पुन्हा चांगली ठरवली. एव्हाना त्यांना सदन मनापासून आवडायला लागलं होतं. इतक्या शांतपणे चालणारी सोसायटी अख्ख्या विदर्भात नाही, असं ते चारचौघांत सांगत, आणि ते खोटं नव्हतं.

याच सुमाराला सदनात इंदोऱ्याकडचं एक बौद्ध लग्न झालं. नवरीचे काका आनंदराव मेश्राम, एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे. लग्नात आधी वंदना झाली. शे-दोनशे लोक एका सुरात, सावकाश, एक एक शब्द लांबवत म्हणत होते, आणि छत तो सूर धरून ठेवत होतं. श्रावणच्यासुद्धा अंगावर काटा आला. सदनात पहिल्यांदा काहीतरी चांगलं ऐकू आलं होतं. मग पाहुण्यांची भाषणं सुरू झाली आणि पुन्हा मधमाश्या.

जेवणाच्या वेळी हॉल रिकामा झाला तेव्हा आनंदराव एकटेच मधोमध उभे राहिले, एकदाच टाळी वाजवली आणि मान तिरपी करून ऐकत राहिले. मग मागच्या भिंतीजवळ जाऊन पुन्हा वाजवली. श्रावणला वाटलं, पोरगी सासरी चालली म्हणून माणूस हळवा झाला असेल.

"तुमीच लावले काय हे भोंगे?" त्यांनी विचारलं.

"होय. अजून चार आणून राहिलो पुढच्या महिन्यात."

"आणू नका. हायेत त्यातले बहुतेक काढून टाका."

श्रावणला कोणी असं कधी बोललं नव्हतं. "मास्तर, एवढे असून लोकायले ऐकू येत नाही."

"ऐकू येते, समजत नाही. दोन वेगळ्या गोष्टी हायेत, श्रावणभाऊ." आनंदरावांनी टाइलवर बोटानं टिचकी मारली. "भोंगा एकदाच बोलते. मंग ही भिंत तेच बोलते, मंग छत बोलते, मंग फरशी. इथं आवाज पिणारं काहीच नाही, सगळे फेकणारेच हायेत. वंदनेचं चाललं, कारण ती सावकाश हाय, मागचा सूर पुढच्यात मिसळला तं गोडच लागते. भाषणाचं तसं नाही. तुमी आवाज वाढवला तं भिंतीचाही वाढते. मैदानात तुमचं अर्धं काम आभाळ करत होतं. इथं आभाळ नाही."

"मंग काय आभाळ आणून टांगू?"

"कापड टांगा."

हे ऐकून श्रावण जेवायलाही बसला नाही. घरी येऊन पुष्पलतेला म्हणाला, "कापडापासून पळालो म्हणून दोन घास सुखाचे खाऊन राहिलो, आन् हा मास्तर म्हणते कापड टांगा."

पण मास्तर चूक आहे हे सिद्ध करायचं तर कापड टांगूनच करावं लागणार होतं. त्यानं पुष्पलतेची न विकलेली लुगडी मागून घेतली आणि सदनाच्या भिंतींवर ताणून लावली. "हॅलो" म्हटलं. हॅलो पूर्वीसारखाच फिरून आला. श्रावण इतका खूश झाला की तडक सायकलवरून इंदोऱ्याला गेला आणि आनंदरावांना त्यांच्याच ओसरीवर सांगितलं, "मास्तर, तुमचं शास्तर फेल झालं."

आनंदरावांनी कोणतं कापड ते विचारलं आणि हसले. "अरे, त्या लुगड्यातून उजेड पार होते, आवाज नाही होणार काय? जाड पाहिजे. सतरंजीसारखं. आन् ताणून नाही, चुण्या पाडून, भिंतीपासून हातभर सोडून. मागच्या भिंतीवर सगळ्यात जास्त, कारण स्टेजवरचा आवाज सरळ तिथंच जाऊन आपटते."

श्रावण परत निघाला. वाटेत त्याला आठवलं की तसलं कापड कुठे आहे. नागपुरात त्याच्याएवढा साठा दुसरीकडे नव्हता.

महादेवराव तयार होतील असं त्याला वाटलं नव्हतं, पण ते चटकन तयार झाले. सहकार खात्याची तपासणी यायची होती. गोदामात पडलेलं कापड म्हणजे न विकलेला माल. तेच भिंतीवर टांगलं की सभागृहाची शोभा. "लाव गा," ते म्हणाले. "सगळंच लाव."

पुष्पलता आणि आणखी चार बायकांनी चुण्या घालून वरून शिवण मारली. मागची भिंत पुरती झाकली, बाजूच्या झाकल्या, खुर्च्यांखाली सतरंज्या पसरल्या. भोंगे उतरवले. आनंदरावांनी सांगितलं म्हणून श्रावणनं स्टेजच्या दोन बाजूंना दोन उभे लाकडी कॉलम स्पीकर ठेवले, तोंड छताकडे नाही, माणसांच्या डोक्यांकडे. आणि आवाज इतका कमी ठेवला की त्याला लाज वाटली.

मग तो माइकजवळ गेला आणि म्हणाला, "हॅलो."

हॅलो गेला तो गेलाच. श्रावण वाट पाहत राहिला. काहीच परत आलं नाही. मशीन बंद पडली असं वाटून त्यानं बटण फिरवलं आणि ओरडला, "हॅलो! ऐकू येऊन राहिलं काय वं?"

मागच्या दाराशी बसून सुई ओवत असलेली पुष्पलता साध्या आवाजात म्हणाली, "येऊन राहिलं. ओरडता कायले?" आणि ते त्याला इथं स्टेजवर, शब्द न् शब्द, ऐकू आलं.

त्या साली सभेला पुष्पलतेनं तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला. लुगडं घेणं काहून बंद केलं? सदनात बसलेल्या सगळ्यांनी तो पहिल्यांदा ऐकला. कितीतरी माणसं एकमेकांकडे पाहायला लागली, कारण त्यांच्याही मनात तेच होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या एकट्याच्याच मनात आहे. महादेवराव सवयीनं म्हणाले, "ताईंची सूचना चांगली हाय." मग तोंड थोडं वळवून, शेजारच्या सेक्रेटरीला, गेली काही वर्षं हळूच बोलत आले तसं हळूच म्हणाले, "हे म्हातारडं कापड आता नेसते कोण?"

माइकनं ते घेतलं. दोन कॉलमांनी ते उजवीकडच्या बायकांपर्यंत नेलं. तिथं सभासदांच्या बायका, आया, सासवा बसल्या होत्या, आणि झाडून सगळ्या आपापल्या घरी विणलेलं लुगडं नेसून आल्या होत्या.

आरडाओरडा झाला नाही. एक म्हातारी तेवढी उभी राहिली आणि म्हणाली, "मी नेसते, महादेवराव. तुमची माय बी नेसत होती." मग खाली बसली. पुढच्या निवडणुकीत महादेवराव पडले, आणि संचालक मंडळात पुष्पलता निवडून आली. दोन निवडणुकांनंतर ती अध्यक्ष झाली. सोसायटी पुन्हा लुगडी घ्यायला लागली, जाड कापड मात्र भिंतीवरच राहिलं.

श्रावणला या सगळ्याचा अभिमान होता, पण धंदा बसला. ढीगभर भोंग्यांचं भाडं मिळायचं तिथं दोन कॉलमांचं मिळायला लागलं. पुढारी सदनाकडे फिरकेनात. एकाच्या माणसानं येऊन तक्रारच केली: "साहेबांना टाळ्या कमी वाटल्या. लोक आले नव्हते काय?" लोक भरपूर होते, टाळ्याही होत्या, फक्त जेवढ्या होत्या तेवढ्याच ऐकू आल्या. साहेबांनी पुढची सभा दुसऱ्या एका टाइल्सवाल्या हॉलमध्ये घेतली आणि तिथं त्यांना फार बरं वाटलं. उतरवलेले भोंगे श्रावणनं घरच्या माळ्यावर रचून ठेवले. तो आता सदनातच जास्त असे. कुठं चुणी सरकली, कुठं कापड भिंतीला टेकलं, हे टाळी वाजवून पाहत फिरे. लोकांनी त्याला भोंगेवाला म्हणणं सोडलं नाही.

मग एक दिवस भिंत गेली.

कन्हानकडच्या खाणींमधल्या कोणा साहेबाच्या निरोपाचा समारंभ सदनात होता. खाणीचा खरेदी अधिकारी मागच्या भिंतीला टेकून उभा होता. भाषण लांबलं तसा तो कंटाळून कापड चाचपायला लागला. मजबूत, घट्ट, रंग पक्का. त्यानं विचारलं हे कुठलं. पुष्पलता तिथंच होती. आठवड्याभरात विश्रामगृहांच्या पडद्यांसाठी आणि दवाखान्यासाठी ऑर्डर आली, आणि माल ताबडतोब हवा होता. विणून द्यायला वेळ नव्हता. भिंतीवर मात्र तयार होता.

श्रावण सदनात पोचला तेव्हा माणसं शिडीवर चढून शिवण उसवत होती.

"तू भिंत विकली?" त्यानं विचारलं.

"भिंत नाही विकली. कापड विकलं. विणलं कायले होतं मंग, टांगायले?"

"आन् सभा? पुढच्या महिन्यात सभा हाय. लोकायले ऐकू कसं येईन?"

पुष्पलता शांतपणे म्हणाली, "माल खपला म्हणून सांगायची सभा हाय. ते नाही ऐकू आलं तरी लोकायले घरी सूत पोचल्यावर समजीन."

आणि तसंच झालं. त्या सभेत अध्यक्षांचा अहवाल मधमाश्यांनी खाल्ला, कोणाला एक अक्षर कळलं नाही, आणि सगळे हसतमुखानं घरी गेले. घरोघर माग चालू होते. फक्त श्रावण स्टेजच्या बाजूला कपाळाला हात लावून बसला होता. बायको बोलत होती आणि त्याच्या हॉलमध्ये ती काय बोलते ते त्याला कळत नव्हतं.

तिथून पुढं सदनाचं असंच चाललं. नवीन कापड विणून झालं की आधी भिंतीवर चढे, कारण गोदाम पुष्पलतेनं दुसऱ्यांना भाड्यानं देऊन टाकलं होतं आणि भिंतीवर माल लोकांना दिसे. सदन ही तिची कोठी होती आणि दुकानही. धंदा तेजीत असला की भिंती उघड्या पडत, घुमारा परत येई, आणि सभेत कोणाचं कोणाला कळत नसे. धंदा थंडावला की भिंती भरत, आणि मग प्रत्येक तक्रार सुईसारखी स्पष्ट ऐकू येई. अध्यक्ष म्हणून पुष्पलतेच्या वाट्याला आल्या त्या सगळ्या शिव्या तिनं उत्तम ध्वनिव्यवस्थेत ऐकल्या. एकदा ती घरी येऊन श्रावणला म्हणाली, "महादेवराव उगीच नाही खूश राहत होते." पण कापड काढा असं ती कधी म्हणाली नाही. विकलं गेलं तरच निघायचं, हा तिचा नियम होता.

सत्तरचं दशक संपता संपता पॉवरलूमचा माल बाजारात लोटला. तसाच पडदा, तसाच रंग, किंमत निम्मी. कन्हानच्या ऑर्डरी थांबल्या, सावनेरकडून एक आली ती शेवटची. पोरं माग सोडून रिक्षा चालवायला, गिरणीत, सावजीच्या हॉटेलात लागली. जे थोडे विणत राहिले त्यांचा माल सदनाच्या भिंतीवर चढे आणि तिथंच राही. आधी भिंती भरल्या. मग दुसरा थर आला. मग श्रावणनं आनंदरावांना विचारून छताखाली आडव्या पट्ट्या सोडल्या, गोल छत जिथं आवाज गोळा करून खाली ओतायचं तिथं. आनंदराव रिटायर झाले होते, त्यांना वेळ होता. दोघं दुपारी रिकाम्या सदनात टाळ्या वाजवत फिरत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे की कोणाचा तरी सत्कार चालला आहे.

सोसायटी बुडत गेली तशी सदनाची कीर्ती वाढत गेली. नाटकवाल्यांना कळलं की इथं कुजबुज मागच्या रांगेपर्यंत जाते. गाण्याच्या मंडळींना कळलं. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात एका संगीत मंडळानं रविवारी सकाळची मैफल ठेवली आणि बाहेरगावचे एक मोठे गवई बोलावले. लोक शाली, स्वेटर घालून आले, त्यामुळे होता नव्हता तो घुमाराही गेला.

गवयांनी तंबोरे जुळवले, एक षड्ज लावला आणि थांबले. कान देऊन ऐकलं. मग समोरचा माइक हातानं बाजूला सारला आणि श्रावणकडे पाहून नम्रपणे म्हणाले, "हे बंद केलं तर चालेल का?"

श्रावणनं मशीन बंद केली. स्टेजच्या बाजूला त्याला काही काम उरलं नाही. तो खाली उतरून आनंदरावांच्या शेजारी जाऊन बसला. एवढ्या वर्षांत सदनात तो पहिल्यांदाच लोकांत बसला होता. गवई तोडी गात होते. आवाज मोठा नव्हता. पण एक एक सूर निघून यायचा, कानाशी थांबायचा आणि पुढच्याला जागा करून देऊन निघून जायचा. आनंदरावांनी एकदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं. श्रावणनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना गप्प केलं.

मैफल संपल्यावर गवई स्टेजवरून उतरून भिंतीजवळ आले. "असा हॉल मी फार कमी ठिकाणी पाहिला," ते म्हणाले. "कोणी केला हा?"

आनंदरावांनी श्रावणकडे बोट केलं. श्रावण म्हणाला, "मास्तरायनं सांगितलं, मी टांगलं."

"विणलं आमी," पुष्पलता म्हणाली. तिचे केस पांढरे झाले होते, पण गिऱ्हाईक ओळखण्याची नजर तीच होती. "आन् विकलं नाही गेलं म्हणून अजून टांगून हाय. तुमाले आवडलं काय? घेऊन जा न. घरी रियाजाच्या खोलीले लावा."

गवयांनी कापड हातात घेऊन पाहिलं, चुणी उलगडून पाहिली. "दोन पडदे द्या," ते म्हणाले. "खरंच द्या."

कितीतरी महिन्यांत सोसायटीचा माल गेला नव्हता. पुष्पलतेनं श्रावणकडे पाहिलं. त्यानं शिडी आणली आणि ती खांद्यावर घेऊन तो सदनात फिरायला लागला. मागच्या भिंतीपाशी थांबला आणि पुढं गेला. डाव्या बाजूला एक टाळी वाजवली, ऐकलं, मान हलवली. उजवीकडे वाजवली. लोक दारातून बाहेर पडत होते, गवयांचा टांगा उभा होता.

"अवो, गाडी चुकीन त्यायची," पुष्पलता म्हणाली. "कुठले बी दोन काढा."

"कुठले बी कसे काढू?" श्रावण म्हणाला, आणि जिथं आवाज फारसा पोचतच नव्हता त्या तिकीटखिडकीजवळच्या कोपऱ्यात शिडी टेकवून वर चढला.